निशाण पडायच्या आधीची शर्यत

संभाजीनगरहून पैठणकडे निघालं की वाटेत बिडकीन लागतं. शेतीवाडीचं हे गाव गेल्या काही वर्षांत ‘ऑरिक’च्या नकाशावर ठळक अक्षरांत आलं. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांची ही उद्योगनगरी, आणि त्यातला मोठा वाटा बिडकीनचा. ३१ जुलै २०२४ला टोयोटा किर्लोस्कर मोटरने राज्य सरकारशी सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पाचा करार केला. एथरच्या विजेवरच्या दुचाकी, जेएसडब्ल्यूच्या विजेवरच्या मोटारी, अशी आणखीही नावं त्याच पंगतीला बसली आहेत. गाडीच्या गप्पांना इथे आता तोटा नाही.

एक विषय मात्र सहसा निघत नाही. शर्यतीला गाड्या उभ्या करायच्या तर पुढे कोणाला उभं करायचं? फॉर्म्युला वनवाले या एका प्रश्नावर पिढ्यानपिढ्या भांडताहेत. नियम करतात, हात पोळून घेतात, जुना नियम परत आणतात. आणि त्यांनी आजवर वापरून पाहिलेली बहुतेक प्रत्येक पद्धत आपल्याकडच्या बैलांच्या शर्यतीत कुठल्या ना कुठल्या गावी नांदते आहे.

सुरुवात चिठ्ठीनेच

आज पोल पोझिशन, म्हणजे रांगेतली पहिली जागा, हा घड्याळाने दिलेला मान. पूर्वी तसं नव्हतं. ग्रां प्री शर्यतीत कोण कुठे उभं राहणार ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. सरावातल्या वेळेनुसार रांग लावायची ही रीत १९३३च्या मोनॅको ग्रां प्रीपासून. मोनॅकोच्या गल्ल्या इतक्या अरुंद की मागे उभा राहिलेला शेवटपर्यंत मागेच राहायचा. तिथे चिठ्ठी फारच महागात पडायची.

सातारा-सांगलीकडच्या मैदानात चिठ्ठी अजून आहे. कुठली जोडी कुठल्या गटात आणि कुठल्या तासाला, म्हणजे पट्ट्यात, पळणार ते चिठ्ठीवर ठरतं. ज्याला वाईट तास मिळाला तो नशिबाला बोल लावतो, पंचाला नाही. पंचाच्या दृष्टीने ही मोठीच सोय.

टोयोटा : पोल तीन, विजय शून्य

बिडकीनच्या या होऊ घातलेल्या शेजाऱ्याचा फॉर्म्युला वनमधला इतिहास मोठा चटका लावणारा आहे. टोयोटा २००२ ते २००९ अशी आठ वर्षं स्वतःचा संघ घेऊन उतरली. १३९ शर्यती झाल्या. पहिल्या तिघांत तेरा वेळा नंबर आला. पोल तीन वेळा मिळाला. विजय एकही नाही.

पहिला पोल तर ऐकण्यासारखा. जून २००५, अमेरिकेतली इंडियानापोलिसची शर्यत. टोयोटाचा यार्नो त्रुली सर्वांत वेगवान ठरला. या जपानी कंपनीचा पहिलावहिला पोल, तोही अमेरिकेत. दुसऱ्या दिवशी तो सर्वांत पुढे उभा राहिला, एक फेरी हळूहळू मारली आणि सरळ पिटमध्ये शिरला. त्याच्या मागोमाग आणखी तेरा गाड्या. मिशेलिनचे टायर त्या मैदानाच्या कलत्या वळणावर टिकणार नाहीत हे आदल्या दोन दिवसांत उघड झालं होतं, आणि त्यावर तोडगा निघाला नव्हता. ब्रिजस्टोनचे टायर असलेल्या सहा गाड्या तेवढ्या उरल्या. लाखाच्या घरातल्या प्रेक्षकांसमोर सहा गाड्यांची ग्रां प्री झाली.

त्या सहांमध्ये दोन फेरारी, दोन मिनार्डी आणि दोन जॉर्डन. एका जॉर्डनमध्ये कोइंबतूरचा नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. आता खरी मेख बघा : त्या वर्षी जॉर्डनच्या गाडीत इंजिन टोयोटाचं होतं. पोल घेतलेली टोयोटा गॅरेजमध्ये आणि टोयोटाच्या इंजिनावर धावणाऱ्या दोन जॉर्डन तिसऱ्या-चौथ्या. लग्नात नवरदेव मांडवाबाहेर आणि वऱ्हाड पंगतीला, असा प्रकार.

दुसरा पोल आणि सुझुकाचा पाऊस

त्याच वर्षी जपानमध्ये राल्फ शूमाकरने टोयोटाला दुसरा पोल मिळवून दिला. मैदान सुझुकाचं, म्हणजे होंडाच्या मालकीचं. टोयोटावाल्यांना यात जरा जास्तच आनंद झाला असणार.

त्या काळात क्वालिफायिंगला, म्हणजे रांग ठरवणाऱ्या चाचणीला, प्रत्येक गाडी एकटी सुटायची. एक फेरी, एक वेळ, मामला खलास. सुझुकाला मधेच पाऊस आला आणि जे नंतर सुटले ते भिजले. मायकेल शूमाकर चौदावा, अलोन्सो सोळावा, रायकोनेन सतरावा, मोंतोया अठरावा. जगातले सगळ्यांत वेगवान गडी रांगेच्या शेपटाला! घड्याळाच्या न्यायाने पाहिलं तर हा सरळ अन्याय. पण शर्यत कशी झाली? रायकोनेन सतराव्या जागेवरून एकेकाला मागे टाकत आला आणि शेवटच्या फेरीत फिसिकेलाला ओलांडून जिंकला. चाहते आजही या शर्यतीचं नाव सर्वोत्तमांच्या यादीत घेतात. पोलवाला राल्फ? आठवा.

माझ्या मते क्वालिफायिंगच्या सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे. वाद कोण वेगवान याचा नाहीच, ते शुक्रवारच्या सरावातच सगळ्यांना कळलेलं असतं. वाद आहे तो नशिबाला किती जागा ठेवायची याचा. संघांना नशीब अजिबात नको असतं, कारण त्यांनी वेगावर पैसे ओतलेले असतात. प्रेक्षकांना ते हवं असतं, कारण सगळ्यांत वेगवान गाडी पुढे उभी राहून पुढेच संपली तर रविवारची दुपार झोपेत गेलेली बरी. नियम करणारे या दोघांच्या मधे उभे राहून दर दोन-चार वर्षांनी कूस बदलतात.

(टोयोटाचा तिसरा पोल २००९चा, बहारीनला. त्रुली पहिला, ग्लॉक दुसरा, अख्खी पहिली रांग टोयोटाची. त्रुली तिसरा आला. वर्ष संपताना कंपनीने गाशा गुंडाळला.)

पाऊस पाडायचाच असेल तर

२०११मध्ये फॉर्म्युला वनचे तेव्हाचे सर्वेसर्वा बर्नी एक्लस्टन यांनी एक सूचना केली : मैदानावर फवारे बसवा आणि शर्यत रंगवण्यासाठी खोटा पाऊस पाडा. लोक हसले. आपण हसू नये. २०१५मध्ये आणि पुन्हा २०१९मध्ये कृत्रिम पावसाचा प्रयोग मराठवाड्यात झाला, आणि तळ होता संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद. विमानं उडाली, ढगांवर क्षार फवारले गेले. फरक इतकाच की आपल्याला पाऊस पिकासाठी हवा होता.

घाटातली बारी

पुणे जिल्ह्यात खेड, जुन्नर, आंबेगावकडे बैलगाडा घाटात पळतो. चढाचा रस्ता, गाड्यापुढे घोडी, आणि एका वेळी एकच गाडा. स्पर्धा शेजारच्याशी नसते, घड्याळाशी असते. ज्याची वेळ सर्वांत कमी तो ‘घाटाचा राजा’. विदर्भ-मराठवाड्यातल्या शंकरपटातही अनेक ठिकाणी जोड्या अशाच घड्याळावर सुटतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट त्यासाठी नावाजलेला, तिथे महिलांचाही पट भरतो.

फॉर्म्युला वनने हीच एकट्याची बारी २००३ ते २००५ अशी तीन वर्षं चालवली. टीव्हीवाले खूश होते, कारण प्रत्येक पुरस्कर्त्याचं नाव दीड मिनिट पडद्यावर दिसायचं. मग माणसाचं डोकं चाललं. २००४मध्ये दोन बाऱ्या असायच्या : पहिल्या बारीतल्या वेळेवर दुसऱ्या बारीचा क्रम, जो जलद तो शेवटी सुटणार. सिल्व्हरस्टोनला नंतर पाऊस येणार असा अंदाज होता. लवकर सुटायला मिळावं म्हणून पहिल्या बारीत कित्येक जण चक्क मुद्दाम रेंगाळले. जगातल्या सर्वांत वेगवान गाड्यांमध्ये सावकाश जाण्याची चुरस लागली होती!

२००५ला आणखी एक टूम निघाली. शनिवारची वेळ अधिक रविवार सकाळची वेळ, दोन्हींची बेरीज. म्हणजे शनिवारी रात्री कोणीच कोणाला सांगू शकत नव्हतं की उद्या पुढे कोण. वर्तमानपत्रांनी छापायचं काय? सहा शर्यतींत बेरीज बंद पडली.

गोल गोल राणी

२००६पासून क्यू वन, क्यू टू, क्यू थ्री अशी गळतीची पद्धत आली आणि थोड्याफार फरकाने तीच टिकली. पण सुरुवातीला तिच्यात एक येडछाप कलम होतं. क्यू थ्रीला गाडीत रविवारच्या शर्यतीचं पेट्रोल भरूनच उतरायचं, आणि जितक्या फेऱ्या माराल तितकं पेट्रोल नंतर परत भरून मिळेल. मग काय, पहिली दहाएक मिनिटं सगळे जण गाडी हलकी व्हावी म्हणून नुसतेच गोल गोल फिरत पेट्रोल जाळत बसायचे. पंपावरचे भाव बघून टाकीत मोजकंच तेल टाकणाऱ्या माणसाला हे कसं समजावणार?

नव्वद सेकंदांची टांगती तलवार

सगळ्यांत मोठी फजिती २०१६ची. कल्पना कागदावर झकास होती. क्यू वनची पहिली सात मिनिटं गेली की दर नव्वद सेकंदांनी सर्वांत मागचा बाद. क्यू टू आणि क्यू थ्रीमध्येही तसंच. शेवटी दोघे उरणार आणि शेवटच्या सेकंदापर्यंत झुंजणार.

मेलबर्नला प्रत्यक्षात काय झालं? गाडी पिटमधून काढून एक फेरी तापवायला आणि एक जोरात मारायला जो वेळ लागतो, तो नव्वद सेकंदांत बसत नव्हता. नाव लाल झालं की बिचारा मैदानावर असूनही मेलेला. वर टायरचे संच मोजकेच. सगळ्यांनी लवकर वेळ लावून टाकली आणि क्यू थ्रीची शेवटची काही मिनिटं मैदान रिकामं. हॅमिल्टन पोलवर बसून कपडे बदलायच्या तयारीत, आणि चौकटीचा झेंडा फडकला तो रिकाम्या रस्त्यासमोर. पुढच्या बहारीनलाही हट्टाने तेच केलं. तिसऱ्या शर्यतीला, चीनमध्ये, जुनी पद्धत परत आली. फॉर्म्युला वनमध्ये सगळे संघ एकमताने काही बोलल्याचे प्रसंग दुर्मीळ, त्यातला हा एक.

गावच्या मैदानातल्या समालोचकाला विचारलं असतं तर त्याने फुकटात सांगितलं असतं की फायनल सगळ्यांत शेवटी ठेवतात.

१०७ टक्के आणि आपला कार्तिकेयन

सर्वांत वेगवान गाडीला एका फेरीला १०० सेकंद लागले तर तुम्हाला १०७च्या आत यायलाच हवं, नाहीतर रविवारी घरी बसा. हा नियम १९९६ला आला, २००२नंतर गेला, २०११ला परतला. परतल्यावर पहिल्याच शर्यतीत, मेलबर्नला, त्याने एचआरटी संघाच्या दोन्ही गाड्या गिळल्या. एकात कार्तिकेयन. २०१२ला पुन्हा तेच मैदान, तोच संघ, तोच निकाल. मधल्या काळात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पहिली भारतीय ग्रां प्री झाली, तीत मात्र तो घरच्या प्रेक्षकांसमोर धावला आणि सतरावा आला.

बुद्ध सर्किटवर २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीनच ग्रां प्री झाल्या. तिन्ही वेळा पोल फेटेलचा, तिन्ही वेळा विजय फेटेलचाच. क्वालिफायिंग बघून रविवारी लग्नाला गेलेल्यांचं काहीच चुकलं नाही.

परीक्षेला बसण्याची परीक्षा

१९८९मध्ये फॉर्म्युला वनला तब्बल ३९ गाड्या यायच्या. सगळ्यांना क्वालिफायिंगलाही जागा पुरेना. मग शुक्रवारी सकाळी आठला आधी प्री-क्वालिफायिंग : तेरा गाड्या, चार जागा. बाकीचे नऊ जण न्याहारीच्या वेळेला सामान बांधून परत.

१९९०च्या ‘लाइफ’ नावाच्या इटालियन संघाने चौदा वेळा हा प्रयत्न केला. एकदाही पुढे गेला नाही. इटलीच्याच गाब्रिएले तार्क्विनीने ७८ शर्यतींत नाव घातलं आणि त्यातल्या ३८ मध्येच सुटायला मिळालं. पण गडी चिवट. २००९मध्ये वयाच्या ४७व्या वर्षी तो टूरिंग कारचा जगज्जेता झाला.

गटपास, सेमी, फायनल

पुसेगावच्या सेवागिरी यात्रेतलं हिंदकेसरी मैदान किंवा सातारा-सांगलीतलं कुठलंही मोठं मैदान घ्या. पाच-सात छकडे एका रांगेत, प्रत्येकाला आपला तास, पंचाचा झेंडा पडला की सुटले. गटात पहिला तो ‘गटपास’, मग सेमी, मग फायनल. घड्याळाची गरज नाही, डोळ्यांना दिसतं.

विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई २०२२पासून नेमकी याच वाटेने चालली आहे. आधी दोन गट. प्रत्येक गटातले पहिले चार पुढे. मग दोघादोघांच्या झुंजी : उपांत्यपूर्व, उपांत्य, अंतिम. त्यात पोलवाल्याला तीन गुणही मिळतात. त्याआधी त्यांची पद्धत भलतीच होती. गुणतक्त्यात जो वर, तो क्वालिफायिंगला आधी सुटणार, म्हणजे धुळीचा रस्ता त्याने झाडायचा आणि मागच्यांनी स्वच्छ रस्त्यावरून जायचं. परिणाम असा की २०२१चा हंगाम शेवटच्या मुक्कामावर आला तेव्हा निम्म्याहून जास्त चालकांना विजेतेपदाची संधी शिल्लक होती. समानता याहून जास्त झाली असती तर विजेत्याचं नाव चिठ्ठीवरच काढावं लागलं असतं.

या स्पर्धेत पहिल्या हंगामापासून महिंद्रा आहे. आणि विजेवरच्या झुंजी बघायला परदेशी जायची गरज नव्हती : ११ फेब्रुवारी २०२३ला त्या हैदराबादला हुसेनसागरच्या काठी झाल्या.

रांग मुद्दाम उलटवायचीही एक रीत आहे. मुंबईच्या जेहान दारूवालाने फॉर्म्युला टूमध्ये पहिला विजय मिळवला तो डिसेंबर २०२०मध्ये बहारीनच्या साखीरला, छोट्या शर्यतीत. तिथे आदल्या दिवशीच्या पहिल्या आठांचा क्रम उलटवून रांग लावत असत. म्हणजे आठवा सर्वांत पुढे. नशिबाला जागा ठेवायचा हा एक सरळ, उघड मार्ग. फॉर्म्युला वनमध्ये हा विषय काढला की मोठ्या संघांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मला विचाराल तर तिथल्या शनिवारच्या छोट्या शर्यतीला एवढं करून बघायला काहीच हरकत नाही.

पोलचं बक्षीस

फॉर्म्युला वनमध्ये पोलला गुण नाहीत. पिरेलीचा एक छोटासा टायर मिळतो, खऱ्याची बुटकी प्रतिकृती. कपाटात ठेवायला बरा.

आपल्याकडे मे २०२२मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीला भरलेल्या बैलगाडा शर्यतीत पहिलं बक्षीस होतं जेसीबी. नोव्हेंबर २०२५मध्ये सांगली जिल्ह्यात डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांनी मैदान भरवलं. पहिलं बक्षीस फॉर्च्युनर. ते पटकावणाऱ्या बैलांची नावं : हेलिकॉप्टर बैज्या आणि ब्रेक फेल. फॉर्च्युनर कोणाची? टोयोटाची. १३९ शर्यतींत टोयोटाला जे जमलं नाही ते बाजूला राहू द्या, बैलांनी टोयोटाच जिंकली.

(मधल्या काळात ही मैदानं बंद होती हे तरुण वाचकांना सांगायला हवं. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०१७ला राज्याने कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ला न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. नियम बदलायला लागणारा वेळ पाहता फॉर्म्युला वनवाले फारच झटपट म्हणायचे.)

बरोबरी

१९९७, स्पेनमधलं हेरेझ. विजेतेपदाचा निकाल लावणारी शेवटची शर्यत. विल्नव : १ मिनिट २१.०७२ सेकंद. मायकेल शूमाकर : १ मिनिट २१.०७२. फ्रेंट्झन : १ मिनिट २१.०७२. तिघेही सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सारखे! ज्याने आधी वेळ लावली तो पुढे, म्हणून पोल विल्नवचा. २०२४ला मॉन्ट्रियलमध्ये रसेल आणि व्हरस्टॅपन दोघांचेही १ मिनिट १२.००० सेकंद. पोल रसेलला, कारण तेच. आपल्या पंचांनी अशा वेळी बक्षीस विभागून दिलं असतं आणि दोन्ही गावांत गुलाल उधळला गेला असता.

मोंझाचं ‘आधी तुम्ही’

इटलीतल्या मोंझाला सरळ रस्ते लांबलचक. पुढच्या गाडीच्या आडोशाने गेलं तर वारा कमी लागतो आणि वेळ सुधारते. त्यामुळे २०१९च्या क्यू थ्रीमध्ये पुढे जायला कोणीच तयार होईना. सगळे एकमेकांना वाट देत रमतगमत निघाले आणि इतके रमले की नऊपैकी दोघेच जण वेळ संपायच्या आत रेषा ओलांडू शकले. बाकीच्यांची शेवटची संधी लखनवी अदबीत गेली.

बाद कोण होणार?

२०२६पासून फॉर्म्युला वनमध्ये अकरा संघ, बावीस गाड्या. म्हणून गळतीचा आकडाही बदलला : क्यू वनमध्ये सहा बाद, क्यू टूमध्ये सहा बाद, उरलेल्या दहा क्यू थ्रीला. त्याच वर्षापासून ऑडी स्वतःचा संघ घेऊन आली आहे, जुना साऊबर संघ ताब्यात घेऊन. आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात ऑडीच्या ज्या गाड्या जुळतात त्यात क्यू थ्री नावाची एक आहेच. मैदानावरचं क्यू थ्री मात्र दर शनिवारी नव्याने कमवावं लागणार. आणि टोयोटा? ऑक्टोबर २०२४मध्ये, बिडकीनच्या करारानंतर तीनच महिन्यांत, तिने हास संघाशी तांत्रिक भागीदारी जाहीर केली. स्वतःचा संघ नाही, पण पाय पुन्हा मैदानात.

म्हणजे शेंद्र्याची ऑडी एकीकडे, बिडकीनच्या टोयोटाचा सोबती हास दुसरीकडे, आणि दर शनिवारी बारा गाड्या गळणार. मधल्या पंचवीस-तीस किलोमीटरमध्ये कोणी कोणाच्या बाजूने ओरडायचं ते ज्याने त्याने ठरवावं. वाळूजवाल्यांनी आपल्या बजाजला घेऊन मोटारसायकलच्या शर्यती बघाव्यात, तिथल्या क्वालिफायिंगचे नियम आणखी वेगळे आहेत.